कुलुपांतलें घर

हवापालट करावयाचा तो उन्हाळ्यांत, अशी आपल्या वऱ्हाडांतील सामान्य समजूत आहे. आणि ज्यानें अकोल्याचा वैशाख एकदां अनुभवला, त्याला ती चुकीची वाटणार नाहीं. चिखलदऱ्याची वाट लोक धरतात ती एक तर मे महिन्यांत, नाहीं तर धबधबे पाहण्याकरितां श्रावणांत. आम्हीं मात्र तेथें दोन खोल्यांचें घर बांधलें, तेव्हांपासून थंडीलाच जात आलों आहों. या वयांत थंडीला का जातां, असें अमरावतीचे शेजारी विचारतात. त्याचें उत्तर द्यावयाचें तर थोडी हकीकत सांगितली पाहिजे.

परतवाडा सोडून घाट चढूं लागलें, कीं कपाशीचीं शेतें मागें पडतात आणि सागाचें रान सुरू होतें. गांव समुद्रसपाटीपासून सुमारें ३,६०० फूट उंच. भीमानें कीचकाला मारून येथल्याच दरींत लोटलें व त्या कीचकदऱ्याचाच पुढें चिखलदरा झाला, असें लोक सांगतात. मार्गशीर्षांत सकाळीं बऱ्याच उशिरांपर्यंत दऱ्या धुक्यानें भरलेल्या असतात. कॉफीचीं फळें याच सुमारास लाल होतात. मोथा गांवाकडे स्ट्रॉबेरीचे वाफे दिसतात. दुपारीं गाविलगडाच्या तटावर ऊन खात बसावें. याच दिवसांत, १५ डिसेंबर १८०३ रोजीं, इंग्रजी फौजेनें नागपूरकर भोसल्यांचा हा गड घेतला, किल्लेदार बेनीसिंग लढतां लढतां पडला, आणि दोनच दिवसांनीं देवगांवचा तह झाला. आतां तेथें वारा आणि वाळलेलें गवत एवढेंच आहे. संध्याकाळीं घरीं येऊन शेगडी पेटवावी, गरम भाकरीवर तिळाची चटणी व तूप घ्यावें, आणि दुलईंत शिरावें. असें आमचें सुख साधें होतें, आणि तें आम्हांला निर्दोष वाटत असे.

घराची राखण एक कोरकू गृहस्थ करतात. त्यांची झोपडी उताराखालीं खोलगट जागेंत आहे. थंड हवा जड असल्यामुळें रात्रीं ती उतारावरून खालीं सरकते व सखल जागीं सांचते. म्हणून पहाटे कड्यावरच्या घरापेक्षां तेथें गारठा अधिक. हें आम्हांला पुस्तकावरून ठाऊक होतें. त्यांच्या झोपडीशीं त्याचा संबंध आम्हीं कधीं जोडला नव्हता.

कांहीं वर्षांपूर्वीं पौषांत, न कळवितां, आम्ही उभयतां रात्रीं नऊच्या सुमारास तेथें पोंचलों. दाराला कुलूप नव्हतें. आंत दिवा होता. आमच्या निजावयाच्या खोलींत, आमच्याच दुलईंत, त्यांची सून पंधरा दिवसांचें लेकरूं घेऊन बसली होती. दारें-खिडक्या घट्ट लावलेल्या आणि मध्यें निखाऱ्यांनीं भरलेली शेगडी. आमच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, “कोणाला विचारून?”

ते हात जोडून उभे राहिले. “मालक, लेकरू हिवानं गारठलं होतं. कुलूप उघडलं म्या. आता काय बोलाचं थे बोला.”

आम्हांला कांहीं बोलतां येईना. आमच्या मंडळींनीं मात्र आधीं खिडकी उघडली व शेगडी बाहेर नेवविली. कारण बंद खोलींत निखाऱ्यांपासून जो विषारी वायु होतो, त्याला ना रंग ना वास, आणि निजलेलें माणूस त्यानें निजलेलेंच राहतें. मग त्यांनीं लेकराला आईच्या उघड्या अंगाशीं धरावयास लावून वरून दुलई लपेटली. अशा अशक्त मुलाला याहून चांगली ऊब नाहीं. सकाळीं त्याला सरकारी दवाखान्यांत नेलें. वजन फार कमी होतें. पण लेकरूं जगलें. मेळघाटांतील बालमृत्यूंच्या बातम्या आम्ही १९९३ पासून वर्तमानपत्रांत वाचीत होतों, हळहळतहि होतों. त्यांपैकीं एक बातमी आमच्या कुलुपाबाहेर घडूं पाहत होती.

आल्प्स पर्वतांत बर्फावर घसरण्याच्या खेळासाठीं धनिकांनीं अशीं घरें फार बांधलीं आहेत. वर्षांतील बहुतेक दिवस रिकाम्या राहणाऱ्या त्या घरांना तिकडे ‘थंड बिछाने’ म्हणतात. स्वित्झर्लंडांत २०१२ सालीं जनमतानें ठरलें, कीं कोणत्याहि गांवांत असल्या दुसऱ्या घरांचें प्रमाण शेंकडा २० पेक्षां अधिक होऊं देऊं नये. हें वाचलें तेव्हां आम्हांला आपल्या दुलईची आठवण झाली. आम्हीं कांहीं चोरलें नव्हतें. घर कष्टाच्या पैशाचें होतें. तरी वर्षांतून दहा महिने चार भिंतींची ऊब आम्ही कुलुपांत घालून ठेवीत होतों, हेंहि खोटें नव्हतें.

घर विकावें असें एकदां मनांत आलें. पण घेणारानें आणखी मोठें कुलूप लावलें असतें. म्हणून दिवाळीपासून होळीपर्यंत मागची खोली व स्वयंपाकघर त्या कुटुंबानें वापरावें, असें आम्हीं सुचविलें. ते कबूल होईनात. “उद्या काही गेलं, तर नाव आमचंच येईन,” म्हणाले. भीति रास्त होती. शेवटीं तसें कागदावर लिहून, सही करून त्यांच्या हातीं दिलें, तेव्हां ते राजी झाले.

आतां जाण्यापूर्वीं आम्ही निरोप धाडतों. यंदां गेलों तेव्हां घराला कुबट वास नव्हता. चूल तापलेली होती, आणि तें लेकरूं, आतां चांगलें धांवतें, ओसरीवर आमची पिशवी ओढूं लागलें. थंडीला का जातां, या प्रश्नाला शेजाऱ्यांना आम्ही आतां एवढेंच सांगतों, कीं त्या दिवसांत तेथें घरीं माणसें असतात.