शब्द नसलेली गोष्ट

मुलें आपल्या मनांतलें आपणांस सांगत नाहींत, अशी तक्रार वडीलधाऱ्यांच्या तोंडीं नेहमींच असते. तें सांगावयास लागणारे शब्द आपण त्यांना दिले आहेत काय, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच स्वतःस विचारतों. गेल्या चातुर्मासांत आमच्या पुतण्यानें एक इंग्रजी चित्रकादंबरी आमच्या मेजावर आणून ठेवली आणि “काका, सवडीनें पाहा,” एवढेंच म्हटलें, तेव्हां हा प्रश्न आमच्याच दारांत येऊन उभा राहिला.

पुस्तकाचें नांव ‘द मॅजिक फिश’. त्रुंग ले न्गुयेन यांचें हें पुस्तक २०२० सालीं प्रसिद्ध झालें. चित्रांची पुस्तकें बालकांसाठीं, अशा समजुतीनें आम्ही तें उघडलें आणि एका बैठकींत संपविलें. तिएन हा निर्वासित होऊन अमेरिकेंत आलेल्या व्हिएटनामी आईबापांचा मुलगा. आई शिवणकाम करते आणि तो तिला ग्रंथालयांतल्या परीकथा वाचून दाखवितो. तिचें इंग्रजी त्यानें सुधारतें, व दोघांचें बोलणेंही होतें. चालू काळ लाल, आईच्या आठवणी पिवळ्या व परीकथा निळसर रंगांत काढल्या आहेत. तिएनच्या मनाची ओढ मुलींकडे नसून एका मित्राकडे आहे. हें आईस सांगावें, तर तिच्या भाषेंत त्यासाठीं शब्दच त्याला ठाऊक नाहीं.

येथें आम्ही थबकलों. आमच्या मराठींत ‘समलिंगी’ हा शब्द आहे. परंतु तो वर्तमानपत्रांतला. माजघरांत आहे ती एक तर कुजबूज, नाहीं तर चेष्टा. ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीच्या अशा संबंधांस कलम ३७७ च्या कक्षेंतून वगळलें. ती बातमी आम्हीच घरांत मोठ्यानें वाचली, कायद्याचे बारकावेही समजावून दिले. आणि त्याच वर्षीं, दिवाळीच्या पंक्तींत, परिचयांतील एका अविवाहित गृहस्थांवर आम्हीच एक विनोद केला. सगळे हंसले. पुतण्या तेवढा भात टाकून उठला. पोट भरलें असेल, असें आम्ही समजलों. कायदा कळला होता. मूल कळलें नव्हतें.

पुस्तकाच्या अखेरीस आई मुलास उपदेश करीत नाहीं. अँडरसनच्या १८३७ सालच्या कथेंत जलकन्या शेवटीं समुद्राचा फेस होऊन जाते. ही आई मत्स्यकन्येच्या कथेचा शेवटच बदलून सांगते, आणि मुलगा काय तें उमजतो. त्याच्यापाशीं शब्द नव्हता, तिच्यापाशीं गोष्ट होती.

आमच्यापाशीं गोष्ट नव्हती. त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर, तो लहान असतां बसत असूं तसे, झोपाळ्यावर बसलों आणि शेवटचीं पानें त्यालाच वाचावयास सांगितलीं. मध्येंच त्याचा आवाज अडला. आम्ही म्हटलें, “अरे, त्या दिवाळींत आम्ही जें बोललों, तें चुकलें.”

यावर तो बराच वेळ बोलत होता. काय बोलला तें त्याचें आहे. येथें लिहिण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. इतकेंच सांगतों कीं, दुसऱ्या दिवशीं तो पोटभर जेवला.

वाचकहो, पंक्तींतला एखादा विनोद कोणाच्या पानांतला घांस कडू करीत असेल, तें आपणांस ठाऊक नसतें. असो.