फादर स्टीफन्स आणि राणीचा प्रश्न

फादर थॉमस स्टीफन्स यांची शाळेत आम्हाला करून दिलेली ओळख म्हणजे मराठीची थोरवी गाणारे परदेशी पाद्री. मराठी भाषा दिनाच्या समारंभांत त्यांच्या त्या ओव्या आजही म्हटल्या जातात, टाळ्या पडतात, आणि फादर पुन्हा वर्षभरासाठी कपाटात जातात. विल्टशायरमधला हा इंग्रज साष्टीपर्यंत का आला, हे मात्र तिथे कोणी विचारत नाही. आम्हाला त्या प्रश्नाचे उत्तर त्या ओव्यांइतकेच मोलाचे वाटते. ज्या राज्यात ते जन्मले, त्या राज्याने पुढे त्यांच्यासारख्या धर्मगुरूचे पाऊल स्वदेशी पडणे हाच राजद्रोह ठरवला होता.

पहिली एलिझाबेथ १५५८ साली गादीवर आली. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या चर्चवर पोपची नव्हे, राणीची सत्ता चालेल असा कायदा झाला. १५६९ साली उत्तरेतल्या कॅथलिक सरदारांनी बंड केले. १५७० साली पाचव्या पायस पोपने राणीला धर्मबाह्य ठरवून तिच्या प्रजेला राजनिष्ठेच्या शपथेतून मोकळे केले. स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी १५६८ पासून इंग्लंडमध्ये नजरकैदेत होती. तिला गादीवर बसवण्यासाठी १५७१, १५८३ आणि १५८६ साली कट शिजले. १५८७ साली मेरीचा शिरच्छेद झाला आणि १५८८ साली स्पेनच्या फिलिपचे आरमार इंग्लंडवर चालून आले. राणीची भीती काल्पनिक नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे.

पण भीती खरी असली म्हणून तिच्यातून निघालेला प्रत्येक प्रश्न न्याय्य ठरत नाही. पकडलेल्या धर्मगुरूंना एक प्रश्न हमखास विचारला जाई: उद्या पोपचे सैन्य या किनाऱ्यावर उतरले, तर तुम्ही कोणाच्या बाजूने लढाल? या प्रश्नाला इतिहासात ‘खुनी प्रश्न’ असेच नाव पडले. ‘राणीच्या’ म्हणावे तर श्रद्धेशी द्रोह, ‘पोपच्या’ म्हणावे तर फास. गप्प राहावे तर मौन हाच पुरावा. केलेल्या कृत्याचा जाब विचारणे हे न्यायाचे काम. न केलेल्या कृत्याचे उत्तर मागणे हे संशयाचे काम. एडमंड कॅम्पियन या येशूसंघीयाला १ डिसेंबर १५८१ रोजी टायबर्नला फाशी देण्यात आले, तेव्हा कट सिद्ध झाला होता की संशय, यावर आजही वाद होतो. राणीच्या कारकिर्दीत शंभराहून अधिक कॅथलिक धर्मगुरूंना असे मरण आले.

स्टीफन्स यांनी ही वाट आधीच ओळखली असावी. त्यांचा मित्र थॉमस पाउंड पकडला गेला आणि त्याने सुमारे तीस वर्षे तुरुंगांत काढली. स्टीफन्स रोमला निसटले, १५७५ साली येशूसंघात दाखल झाले, आणि एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघून ऑक्टोबरमध्ये गोव्याला पोहोचले. पुढची चाळीस वर्षे, १६१९ साली मृत्यू येईपर्यंत, ते तिथेच राहिले.

इथे पारडे उलटले. इंग्लंडमध्ये लपूनछपून जगणारा धर्म साष्टीत राज्यकर्त्यांचा होता. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन बसले. १५६७ साली साष्टीतली देवळे पाडली गेली. मंगेशीसारखी दैवते लोकांनी नदीपलीकडे आदिलशाही मुलखात हलवली. १५८३ साली कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच येशूसंघीयांना ठार मारले, आणि त्या गावच्या प्रमुखांना बोलावून घेऊन पोर्तुगीजांनी त्याचा सूड उगवला. श्रद्धेसाठी देश सोडलेला माणूस आता अशा सत्तेच्या सावलीत उभा होता, जिच्यामुळे इतरांना श्रद्धेसाठी गाव सोडावे लागत होते.

त्याच वर्षाअखेर राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे दोन सोबती असे चार इंग्रज गोव्याच्या तुरुंगात येऊन पडले. आरोप हेरगिरीचा. त्यांच्याजवळ एलिझाबेथने अकबराच्या नावे दिलेले पत्र होते. १५८० पासून पोर्तुगालचा राजाही फिलिपच असल्यामुळे, राणीचा वैरी तोच त्या तुरुंगाचाही धनी होता. या कैद्यांसाठी रदबदली करणाऱ्यांत फादर स्टीफन्स होते. ते जामिनावर सुटले आणि १५८४ साली विजापूरकडे निसटले. राणीच्या शिपायांनी जो प्रश्न विचारून स्टीफन्स यांना फासावर चढवले असते, त्याचे आम्हाला दिसणारे उत्तर हे आहे. परीक्षा आली तेव्हा त्यांनी पोप आणि राणी यांच्यात निवड केली नाही. कोठडीतल्या देशबांधवांची बाजू घेतली.

त्याच १५८४ साली आमच्या शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर, पैठणला, एकनाथ ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करत होते. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी निजामशाहीच्या चाकरीत देवगिरीचा किल्ला सांभाळत आणि दत्ताची उपासना करत. एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. त्यात दोघे कडाडून भांडतात, पण बोलण्याचा अधिकार दोघांनाही आहे आणि शेवटी दोघे समजुतीला येतात.

स्टीफन्स यांनी हाच ओवीछंद उचलला. १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. आरंभी एक धर्मांतरित ब्राह्मण विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे एखादे का देत नाही? आमच्या मते साऱ्या ग्रंथातले हे सर्वांत बोलके स्थळ. आपल्या हातून काय हिरावले गेले ते साष्टीचा माणूस इथे सांगतो, आणि कवी ते पुसून टाकत नाही. मात्र ज्यांची देवळे पाडली त्यांचे दुःख हा या पुराणाचा विषय होत नाही, आणि एकनाथांच्या संवादातली बरोबरीही इथे नाही. भाषेवरचे प्रेम अस्सल. ऐकणे मात्र अर्धेच. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने गोव्यात लोकभाषेवरच बंदीचा हुकूम काढला, तेव्हा ते प्रेमही राज्यकर्त्यांना नकोसे झाले. ग्रंथ जगला तो लोकांमुळे. १९०७ साली तो मंगळूरला पुन्हा छापला गेला.

आमच्या शहराने खडकी, फतेहनगर, औरंगाबाद अशी नावे पाहिली, आणि २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे. रिक्षात, कचेरीत, लग्नाच्या पंगतीत समोरचा माणूस यांतले कोणते नाव उच्चारतो याकडे आता कान लागलेले असतात, आणि त्या एका शब्दावरून त्याची निष्ठा जोखली जाते. इथे फास नाही. पण बोलण्यापूर्वी क्षणभर अडखळणारा शेजारी आम्ही रोज पाहतो, आणि कधी तो अडखळणारा आमच्यातलाच असतो. स्टीफन्स यांच्या ओव्यांना टाळ्या देणाऱ्या सभेने एवढे ध्यानात ठेवावे की, तिचा हा लाडका कवी अशाच प्रश्नामुळे तिच्या भाषेत येऊन पोहोचला. शेजाऱ्याने आज काय केले ते विचारावे. उद्या कोणी चालून आले तर तो काय करील, हे विचारू नये.