तूप कोणी प्याले?

चार्वाक हे नाव आपल्या घरांतून तत्त्वज्ञ म्हणून सहसा येत नाही. टोमणा म्हणून येते. श्राद्धाला दांडी मारणारा जावई, दहा तारखेलाच पगार उडवणारा दीर, एकादशीला मिसळ हाणणारा शेजारी, हे सगळे चार्वाक! कर्ज काढा पण तूप प्या, एवढा एकच उपदेश त्या बिचाऱ्याच्या नावावर मांडलेला असतो. (कर्ज काढून फ्लॅट घेणारी आणि डॉक्टरांनी तूप बंद केलेली आपली मंडळी त्याला हसतात, याची मला मोठी गंमत वाटते.)

बावन्नाव्या वर्षी मी एम.ए.ला तत्त्वज्ञान घेतले आणि प्रबंधिकेसाठी हाच विषय निवडला. घरी हे म्हणाले, "चार पानांत आटपेल. त्याचे स्वतःचे पुस्तक तर एकही उरलेले नाही ना?" अडचण नेमकी तीच होती.

आमच्या पेठेजवळच्या एका जुन्या ग्रंथालयात आता संगणकावर तालिका पाहतात. तिथे 'चार्वाक' घातले की मोजून सहा पुस्तके येतात. 'लोकायत' घातले की आणखी काही येतात, 'बार्हस्पत्य' घातले की निराळीच, आणि 'जडवाद' म्हटले की तिसऱ्याच कपाटाकडे बोट दाखवले जाते. माणूस एक, पण त्याची बिऱ्हाडे चार! शेवटी तिथल्या वयस्क ग्रंथपालांना शरण गेले. ते चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "बाई, त्याला त्याच्या घरी शोधू नका. शेजाऱ्यांकडे चौकशी करा."

त्यांनी सुरुवात करून दिली ती दे. द. वाडेकरांनी संपादिलेल्या १९७४च्या मराठी तत्त्वज्ञान महाकोशापासून. कोशातून सदाशिव आठवल्यांकडे, तिथून आ. ह. साळुंख्यांकडे, आणि शेवटी सगळ्या वाटा जिथे मिळतात त्या 'सर्वदर्शनसंग्रहा'कडे. चौदाव्या शतकातला माधवाचार्यांचा हा ग्रंथ. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी आपली संस्कृत टीका जोडून तो संपादिला आणि १९२४ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेने छापला. त्यात सोळा दर्शने आहेत. पहिले चार्वाकाचे, शेवटचे शंकराचार्यांचे. हा क्रम सहज लागलेला नाही. ग्रंथकार अद्वैती, त्यांच्या जिन्याची सर्वांत खालची पायरी चार्वाक. ज्याने तुम्हाला तळाशी बसवले, त्यानेच तुमचे म्हणणे लिहून ठेवलेले!

म्हणून ते टाकाऊ ठरते का? मुळीच नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडायचे आणि मगच खोडायचे, ही आपल्या शास्त्रकारांची जुनी शिस्त. पण साक्षीदार कोणाच्या बाजूचा आहे हे कोर्टातला शिकाऊ वकीलही आधी विचारतो, ते आपण पुस्तकाला विचारत नाही.

तर ते तूप. त्याच प्रकरणात तो प्रसिद्ध श्लोक दोनदा येतो, आणि दोन्ही वेळा सारखा येत नाही. आरंभी म्हटले आहे की सुखाने जगावे, कारण मृत्यूच्या तावडीतून कोणी सुटत नाही. शेवटी मात्र मृत्यू गेला आणि त्याच्या जागी कर्ज नि तूप आले! कोलकात्याच्या रामकृष्ण भट्टाचार्यांनी चार्वाकाविषयीचे विखुरलेले उतारे जन्मभर गोळा केले; त्यांचे पुस्तक २००९ साली निघाले. त्यांनी दाखवून दिले की जुन्या ग्रंथांत, नवव्या शतकातल्या जयंतभट्टाच्या 'न्यायमंजरी'तसुद्धा, पाठ मृत्यूचाच आहे. मी दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहिली तेव्हा वाचनालयातला पंखाही मला थांबल्यासारखा वाटला. एका ओळीतले शब्द बदलले आणि एक गंभीर माणूस उधळ्या ठरला.

उलट बाजूनेही जपून राहावे लागते. १९२६ साली गुजरातेतल्या पाटणला 'तत्त्वोपप्लवसिंह' या जयराशीच्या ग्रंथाची ताडपत्रावरची प्रत सापडली. पंडित सुखलालजींनी, किशोरवयातच दृष्टी गेलेल्या त्या विद्वानाने, रसिकलाल परीखांच्या साहाय्याने ती संपादिली. १९४० साली बडोद्याच्या मालेत छापून निघाली. सांभाळली होती ती जैन भांडाराने, म्हणजे पुन्हा शेजाऱ्यांनीच! चार्वाकाचे घर सापडले असे अनेकांना वाटले. पण चार्वाक निदान प्रत्यक्ष प्रमाण मानतो. हा गृहस्थ तेही उडवून लावतो. त्याला चार्वाक म्हणावे की नाही, हा वाद अजून मिटलेला नाही. आपल्याला हवा तसा पुरावा हाती आला की त्याच्यावर जास्तच डोळे वटारावेत, असे माझे मत झाले आहे.

हे सगळे वाचताना मला वारंवार वडील आठवत. ते १९८९ साली गेले. आजोबांचे श्राद्ध त्यांनी कधी केले नाही, म्हणून नात्यात त्यांना चार्वाकच म्हणत. त्यांच्याविषयी जे ऐकले ते बहुतेक काकांच्या तोंडून: "तुझ्या बापाला खाणेपिणे ठाऊक, पितर नाहीत, देव नाहीत." काका वाईट नव्हेत. पण श्राद्धाचा सारा भार त्यांच्यावर पडला होता. ते एका बाजूचे साक्षीदार आहेत.

वडिलांच्या हातचे असे काय उरले आहे? पत्रे नाहीत. हिशेबाच्या अकरा वह्या आहेत. दूध, किराणा, वर्तमानपत्र. तूप पाव किलो, रोख. उधारीचे पान कोरे. आणि दरवर्षी भाद्रपदाच्या वद्य पक्षात एक ओळ: पुस्तके व फी, आणि पुढे पेन्सिलीने एका मुलाचे नाव. अकराही वह्यांत तेच नाव. यावरून वडील काय मानत होते ते ठरवायला मी अजून तयार नाही. वही खर्च सांगते, कारण सांगत नाही.

काका शहाऐंशीचे आहेत. भाऊबिजेला फराळाला येणार आहेत. वह्या मी कपाटातून काढून ठेवल्या आहेत. त्या नावाचे पहिले अक्षर मला काही केल्या लागत नाही, आणि ते वाचू शकेल असे आता त्यांच्यावाचून कोणी उरलेले नाही.