पद्मावती बोट आणि खासगी यॉट

रिसोडहून समुद्र पाचशे किलोमीटरच्या पुढे आहे. गावात रेल्वे नाही. वाशिम किंवा अकोला गाठल्याशिवाय गाडी मिळत नाही. आमच्यातल्या बहुतेकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो 6 डिसेंबरला, दादरला. रात्रभर रांगेत उभे राहून चैत्यभूमीवर अभिवादन केले आणि मागे वळलो तर समोर पाणीच पाणी. आमच्या आई-बापांनीही तो तसाच पाहिला. समुद्र म्हणजे सहल, समुद्र म्हणजे हनिमून, हे आम्हाला फार उशिरा कळले. आमच्यासाठी समुद्र म्हणजे 7 डिसेंबर 1956 ला ज्याच्या काठी बाबासाहेबांना शेवटचा निरोप दिला गेला ती जागा.

अशा रिसोडमध्ये तरुणांच्या बैठकीत यॉटवरून भांडण झाले असे सांगितले तर बाहेरचा माणूस हसेल. हसू द्या. भांडण कामाचे होते, म्हणून लिहितो आहोत.

झाले असे. आमचा एक मित्र मुंबईत आयटी कंपनीत आहे. त्याने ग्रुपवर एक जाहिरात टाकली. गेटवे ऑफ इंडियावरून खासगी यॉट, तासाच्या भाड्याने. पांढरी गादी, गाणी, केक, सूर्यास्त, हवे तर किनाऱ्याकिनाऱ्याने मांडवा-अलिबागपर्यंत. खाली त्याने लिहिले: "बाबासाहेब 1927 ला महाडला बोटीने गेले होते. या 25 डिसेंबरला आपणही बोटीने निघू. आता आपली ऐपत आहे. अर्धे पैसे माझे, अर्धे वर्गणीतून."

दोन दिवसांत ग्रुपचे दोन तुकडे. एक बाजू म्हणाली, समाजाची वर्गणी श्रीमंतांच्या चैनीवर उडवायची नाही, त्या पैशात अभ्यासिकेला पुस्तके येतील. दुसरी बाजू म्हणाली, 14 एप्रिलला डीजेवर पैसा जातो तेव्हा अभ्यासिका कोणाला आठवत नाही. आमच्या माणसाने दोन तास समुद्रावर बसायचे म्हटले की लगेच तत्त्वज्ञान सुरू. खरे सांगायचे तर डीजेचा मुद्दा बिनतोड होता. त्याला कोणाकडेच उत्तर नव्हते.

पण दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरत होत्या. बाबासाहेब बोटीने गेले म्हणजे जणू हौसेने गेले. म्हणून आधी ती बोट नीट पाहू.

24 डिसेंबर 1927. बाबासाहेब सुमारे 200 प्रतिनिधींसह मुंबईहून पद्मावती नावाच्या बोटीने निघाले. महाडला जायचा जवळचा रस्ता दुसरा होता: धरमतरपर्यंत पाण्याने आणि तिथून पुढे मोटारीने. तो सोडून लांबचा दासगावचा मार्ग घेतला. कारण साधे होते. धरमतरला उतरल्यावर मोटारवाल्यांनी अस्पृश्यांना गाडीत घ्यायला नकार दिला तर दोनशे माणसे रस्त्यात अडकली असती. बोट मात्र थेट सावित्रीच्या खाडीत दासगावच्या बंदरापर्यंत जात होती. तिथून महाड पाच-सहा मैल, आणि पायांना कोणाची परवानगी लागत नाही.

म्हणजे ज्या किनाऱ्याचे फोटो आज जाहिरातीत येतात, अलिबाग, मुरूड-जंजिरा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, तो सगळा किनारा आपल्या माणसांनी पाहिला तो एका नकाराला वळसा घालताना. हरिहरेश्वर मागे टाकायचे, बाणकोटच्या किल्ल्याखालून सावित्रीच्या मुखात शिरायचे आणि भरतीच्या पाण्यावर आत जायचे. त्या दोनशे जणांनी डेकवर उभे राहून किनारा पाहिला असेलच. समुद्र सुंदर आहे हे कळायला जात लागत नाही. पण त्यांच्या प्रवासाची आखणी सूर्यास्तावरून झाली नव्हती. ती मोटारवाल्याच्या संभाव्य "नाही"वरून झाली होती.

ही भीती काल्पनिक होती असे कोणी म्हणू नये. दोनच वर्षांनी, 1929 मध्ये, चाळीसगावला काय झाले ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. स्टेशनवरून महारवाड्यात न्यायला लोकांनी टांगा ठरवला. टांगेवाला भाड्याने टांगा द्यायला तयार, पण स्वतः हाकायला तयार नाही, कारण सवारी महाराची. शेवटी वस्तीतल्याच एकाने लगाम धरला. त्याला सवय नव्हती. पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला, मुंबई हायकोर्टात वकिली करणारा, मुंबईच्या कायदे कौन्सिलातला माणूस. भाडे मोजले, वाहन मिळाले, हाकणारा मिळाला नाही. "आता आपली ऐपत आहे" असे म्हणणाऱ्या आमच्या मित्राला आम्ही हीच गोष्ट सांगितली. ऐपतीने काय मिळते आणि काय मिळत नाही, हे चाळीसगावच्या पुलावर कळते.

आता चैनीचा मुद्दा. आमच्या काही जुन्या कार्यकर्त्यांना वाटते की आंबेडकरी माणसाने साधेच राहिले पाहिजे, मजा करणे म्हणजे चळवळीशी गद्दारी. हा विचार बाबासाहेबांचा नाही, तो पलीकडच्या आश्रमातून आलेला आहे. 1945 च्या काँग्रेस आणि गांधी यांच्यावरील ग्रंथात बाबासाहेबांनी गांधीवादाची चिरफाड करताना हाच मुद्दा घेतला: यंत्र आणि आधुनिक संस्कृती माणसाला जनावरासारख्या राबण्यातून सोडवते, त्याला फुरसत देते, आणि फुरसत असेल तरच माणूस सुसंस्कृत जीवन जगू शकतो. फुरसत ही वरच्यांची मिरास आणि खालच्यांसाठी पाप, ही तर वर्णव्यवस्थेचीच वाटणी झाली. सोयाबीन काढून पाठ मोडलेल्या आमच्या आया-बहिणींनी समुद्रावर दोन तास नुसते बसावे, काही न करता बसावे, याच्यात आम्हाला काहीही गैर दिसत नाही. उलट ते व्हावेच.

आणि समुद्रप्रवासाचे म्हणाल, तर त्याच्यावर ज्यांना आक्षेप होता त्यांचा ग्रंथ आपल्याला माहीत आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातला 158 वा श्लोक काढून पाहा. श्राद्धाच्या पंगतीला कोणाला बसवू नये याची यादी आहे. घर जाळणारा, विष घालणारा, आणि त्याच ओळीत समुद्रप्रवास करणारा. तेलाचा धंदा करणाराही तिथेच आहे, हे आमच्या तेली समाजाच्या मित्रांनी मुद्दाम वाचावे. समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त घेण्याची रीत विसाव्या शतकापर्यंत चालू होती. बाबासाहेब 1913 ला बोटीने न्यूयॉर्कला गेले ते असा कोणाचाही निकाल न मागता. आणि 25 डिसेंबर 1927 च्या रात्री महाडला जी मनुस्मृती जळाली, ती जाळायला निघालेली माणसे समुद्रातून आली होती. पुस्तकाने पंगतीबाहेर काढलेले समुद्रप्रवासी त्याच पुस्तकाचा अंत्यविधी करून गेले. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्त्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, हेही विसरू नये.

तेव्हा बोटीला विरोध नाही, फुरसतीला विरोध नाही. मग अडले कुठे? अडले "खासगी" या शब्दाशी.

महाडचा सगळा खटला याच शब्दावर उभा होता. 4 ऑगस्ट 1923 ला मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला: सरकारी पैशाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. जानेवारी 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर. 20 मार्च 1927 ला आपण जाऊन ओंजळीने पाणी प्यालो, तेव्हा तो कागद खरा झाला. आणि तो खरा होताच ऑगस्ट 1927 मध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. मग डिसेंबरात काही सवर्ण मंडळी दिवाणी न्यायालयात गेली. त्यांचे म्हणणे काय होते? अस्पृश्य अपवित्र आहेत एवढेच म्हणून कोर्टात भागत नाही, हे त्यांनाही कळत होते. त्यांचे म्हणणे होते की तळे सार्वजनिक नाहीच, ते खासगी आहे. या दाव्यावर 14 डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. म्हणजे पद्मावती मुंबईहून सुटली तेव्हा तो हुकूम दहा दिवसांचा होता. दासगावला उतरताच बाबासाहेबांच्या हाती कलेक्टरने भेटीला बोलावल्याचे पत्र पडले, ते याच पार्श्वभूमीवर. सत्याग्रह थांबवावा लागला. परिषदेच्या मंडपाला महाडात एकाही हिंदूने जागा दिली नाही. ती दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने. आणि तळे खासगी नाही, अस्पृश्यांना तिथून रोखण्याचा कसलाही कायदेशीर रिवाज सिद्ध होत नाही, हे मुंबई हायकोर्टाकडून ऐकायला 17 मार्च 1937 उजाडावा लागला. "खासगी" या एका शब्दाने आपली दहा वर्षे खाल्ली.

गेटवेच्या शेजारीच रॉयल बॉम्बे यॉट क्लब आहे, 1846 सालचा. इंग्रजांच्या राज्यात तो गोऱ्यांचा होता, हिंदी माणसाला सभासद होता येत नव्हते. मुंबईच्या मोठमोठ्या शेठलोकांना तेव्हा फार अपमान वाटायचा म्हणे. दाराबाहेर उभे राहण्याची चव त्यांनी एका दारापुरती घेतली. ती घेऊन चवदार तळ्यावर किती शेठ आले, याचा हिशेब महाडच्या इतिहासात फारसा लांब नाही.

म्हणून आम्हाला यॉट खटकते ती तिच्या गादीमुळे नाही. खटकते ती अशी की समुद्र सगळ्यांचा असताना तिकीट काढून त्यावर जाण्याची सोय आटत गेली आणि भाड्याने अख्खी नाव घेण्याची सोय वाढत गेली. कोकणच्या किनाऱ्यावर एके काळी बंदरोबंदरी थांबणाऱ्या आगबोटी होत्या. गिरणीतला कामगार, गोदीतला हमाल, मनिऑर्डरवर जगणारी त्याची बायको, सगळे त्यातून जात-येत. त्या सोन्याच्या नव्हत्या. 17 जुलै 1947 ला रेवसला निघालेली रामदास बोट बुडून शेकडो माणसे गेली, हे कोकण विसरलेले नाही. पण त्या बोटी सगळ्यांच्या होत्या. गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्या एकेक करून संपल्या. आज गेटवेहून मांडव्याला लाँच जाते, भाऊच्या धक्क्याहून 2020 पासून रो-रो आहे. दासगावला तिकीट काढून पाण्यावाटे जायची सोय नाही. जिथे पद्मावती लागली तिथे आज ज्याच्याकडे स्वतःची किंवा भाड्याची नाव असेल त्यानेच जावे.

बैठकीत हे सगळे आम्ही इतक्या लांबणीने मांडत होतो. विहारात झाडू मारायला आलेल्या आमच्या शांत स्वभावाच्या काकू कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. मध्येच त्यांनी विचारले, "त्या नावेत बसतात किती लोकं?"

मित्र फोनवर होता, स्पीकरवर. म्हणाला, "दहा-बारा, काकू."

"मंग बाकीचे काय पवत येतीन?"

सगळे हसले. मित्रही हसला. पण मग तो जे बोलला ते इथे लिहिलेच पाहिजे, कारण त्याची बाजू हलकी नव्हती. तो म्हणाला, "काकू, मी ऑफिसच्या पार्टीला त्या यॉटवर गेलो होतो. तिथे एकाने सहज विचारले, तुमचे पूर्ण नाव काय, गाव कोणते. तुम्हाला माहीत आहे असे का विचारतात. मला एकदा तिथे आपल्या माणसांबरोबर बसायचे होते. बस, एवढेच." बराच वेळ कोणी काही बोलले नाही. अभ्यासिकेची बाजू लावून धरणाराही गप्प झाला. वाहन मिळते, हाकणारा मिळतो, गादी मिळते, केक मिळतो. आणि तरी चाळीसगावचा टांगेवाला कुठल्या तरी रूपात शेजारी येऊन आडनाव विचारतोच. आमच्या मित्राची यॉट ही चैन नव्हती, ती एक जखम होती. पण दहा-बारा जणांच्या गादीवर ती भरत नाही, असे आम्हाला वाटले आणि तसे आम्ही त्याला सांगितले. तो पूर्ण पटला असे नाही. वर्गणीतून एक रुपया घेणार नाही आणि स्वतःचे अर्धे पैसे परतही घेणार नाही, एवढे त्याने मान्य केले. त्याच्या पैशात किती जणांचे प्रवासभाडे निघते याचा हिशेब आता चालू आहे.

ठरले ते असे. 23 डिसेंबरला रिसोडहून एसटी. 24 ला सकाळी गेटवेहून मांडव्यापर्यंत साधी लाँच, सगळ्यांसोबत तिकीट काढून, वरच्या मजल्यावर. समुद्र तेवढाच, वारा तेवढाच. अलिबागला मुक्काम, आणि 25 ला एसटीने महाडच्या रस्त्याला. दासगाव मुंबई-गोवा महामार्गावरच आहे, तिथे उतरायचे, सावित्रीच्या काठी जाऊन बंदराची जागा पाहायची आणि तिथून महाडपर्यंत चालत. ज्यांना चालणे होणार नाही त्यांच्यासाठी एक गाडी सोबत राहील.

दुसरे, महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाला द्यायचे निवेदन तयार आहे. मागणी एकच: दरवर्षी 24 डिसेंबरला मुंबईहून दासगावच्या दिशेने तिकिटाची प्रवासी बोट सोडावी, खाडी गाळाने भरली असेल तर बाणकोटपर्यंत मोठी बोट आणि पुढे लहान होड्या. 6 डिसेंबरला रेल्वे विशेष गाड्या सोडते, त्याही मागितल्याशिवाय मिळाल्या नव्हत्या. वाशिम, मालेगाव, मंगरुळपीर, मेहकर, लोणारच्या साथींनी आपापल्या गावच्या सह्या गोळा करून ठेवाव्यात, आम्ही घ्यायला येतो.

यादीत आत्तापर्यंत 31 नावे आहेत. पहिले नाव काकूंचे. त्यांनी एकच अट घातली आहे, लाँचवर खिडकीची जागा पाहिजे.

जय भीम.