पिंकसचे उसने दात

डेंटल कॉलेजात व्हेनिअर शिकवताना चार्ल्स पिंकसचं नाव एका वाक्यात उरकलं गेलं होतं, आणि त्या वाक्याला आख्खा वर्ग हसला होता. हॉलिवूडमधला हा दंतवैद्य 1930 च्या दशकात नटनट्यांच्या दातांसाठी पोर्सिलेनचे पातळ पापुद्रे, म्हणजेच व्हेनिअर, करायचा, प्लॅटिनमच्या पत्र्यावर भाजून. शूटिंगपुरते ते कवळीच्या पावडरने दातांवर बसवायचे, काम झालं की काढून ठेवायचे. बालतारका शर्ली टेंपलचे दुधाचे दात पडत असताना पडद्यावर फट दिसली नाही, ती त्याचीच करामत. या दातांनी जेवायची मात्र सोय नव्हती. म्हणजे नाटकातल्या दाढीमिशाच की, असं मलाही तेव्हा वाटलं होतं.

खरं शास्त्र पुढचं, असं मी मानत आले. 1955 मध्ये दंतसंशोधक बुओनोकोर यांनी एनॅमलवर फॉस्फोरिक आम्ल लावून ते खरखरीत केलं, की रेझिन घट्ट धरतं हे दाखवलं. 1980 च्या दशकात हायड्रोफ्लोरिक आम्लाने पोर्सिलेनची आतली बाजूही तशीच करता आली, आणि पापुद्रा दाताशी एकजीव झाला. जेवा, चावा, वर्षानुवर्षं वापरा. त्यात पुन्हा 0.3 मिलिमीटरचे व्हेनिअर आले, दात न घासता लावायचे. तेव्हा तर आता बोलायला जागाच उरली नाही, असं माझं ठाम मत होतं.

ते डळमळलं एका शिक्षिकेचे व्हेनिअर उतरवताना. दुसरीकडे बसवलेले, वरचे सहा, असेच पातळ. ‘नको वाटले तर काढता येतात,’ असं बाईंना सांगितलं होतं. त्यांना दात जाड वाटत होते, ओठ मिटताना अडखळत होते. मागणी साधी होती: ‘डॉक्टर, माझे होते तसे द्या.’

ज्याने कोणी ते चिकटवले होते त्याचं काम चोख होतं, आणि अडचण नेमकी तीच होती. चोख बसलेला व्हेनिअर ओढून निघत नाही. लेझरने सुटतो, पण ते मशीन किती दवाखान्यांत असतं? आम्ही हिऱ्याचा बर, म्हणजे ड्रिलचं फिरतं टोक, लावून घासतो. आधी पोर्सिलेन, मग रेझिन सिमेंट, मग दात. आणि तिन्हींचा रंग एक, कारण तो जुळावा म्हणूनच निवडलेला. ओलं असताना काही म्हणजे काही कळत नाही. पाणी थांबवायचं, हवा मारायची, भिंगातून बघायचं, कडेला सिमेंटची रेघ राहिली आहे का शोधायचं, पुन्हा बर. हिरडीजवळ एनॅमल मुळातच जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यातलं गेलं ते गेलं. ते घडवणाऱ्या पेशी दात तोंडात येतानाच संपलेल्या असतात. बाई शाबूत दात घेऊन घरी गेल्या. पण ‘होते तसे’ दिले, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

तेव्हापासून पिंकसचं हसू येईनासं झालं. त्याच्या नटीने संध्याकाळी पापुद्रे काढले की तिचे दात होते तिथे, होते तसे असायचे. हे आपण पुढे गेलो त्या वाटेवर कुठेतरी सोडून आलो.

पातळ व्हेनिअर मी सोडलेले नाहीत. सुळ्याशेजारचा दात जन्मतःच पाचरीसारखा बारीक असेल, दातांत फटी असतील, तर त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. तिथे भर घालायलाच जागा असते. पण दात आधीच पुढे असतील तर ते आणखी फुगतात, हिरडीशी कंगोरा तयार होतो, तिथे घाण साचते आणि हिरडी सुजते. चंद्रपूर-यवतमाळकडून बोअरच्या फ्लोराइडयुक्त पाण्याने तपकिरी झालेले दात घेऊन मुलंमुली येतात. त्यांनाही पातळ पापुद्रा हवा असतो, आणि गडद डाग त्यातून आरपार दिसतो. झाकायचं तर पापुद्रा जाड हवा, म्हणजे दात घासणं आलं. तिथे मी आधी आम्ल आणि प्युमिसने डाग किती उतरतो ते बघते.

आता कोणालाही पापुद्रा चिकटवण्याआधी मी उसने दात देते. लॅबकडून मेणाचा नमुना, त्यावरून साचा, आणि साच्यातून तात्पुरतं रेझिन थेट दातांवर, आम्ल न लावता. आठवडाभर वापरा, घरच्यांना विचारा, आरशाला विचारा. नाही आवडलं तर ते दाताला न दुखावता निघतं. काही जण तिथेच थांबतात. दवाखान्यातला माझा तरुण भागीदार म्हणतो, मॅडम, तुम्ही गिऱ्हाइकं परत पाठवता.

त्याचं एक म्हणणं मात्र मला खोडता येत नाही. हे रेझिन हळद ओढतं. चार दिवस वरण-भाजी झाली की दात पिवळट दिसतात, आणि माणूस रंगालाच भिऊन नको म्हणतो. आकाराचा विचार बाजूलाच राहतो. आठवडाभर हळद टाळा, असं मी प्रत्येकाला बजावते. कोणी टाळत नाही.