तार कुठपर्यंत येते

"क्षमस्व, आपल्या भागात ही सेवा सध्या उपलब्ध नाही."

इंटरनेट घ्यायला जाऊन पिनकोड टाकलात की असलं वाक्य तुम्ही वाचलं असेल. तसलं एक वाक्य मी लिहिलेलं आहे. आमची टीम एका ब्रॉडबँड कंपनीचं काम करत होती. टीममध्ये मराठी येणारा मी एकटाच, म्हणून मराठी मजकूर माझ्याकडे आला. कोडही माझाच. पिनकोड घ्यायचा, यादीत शोधायचा, सापडला तर प्लॅन दाखवायचे, नाहीतर क्षमस्व.

ही २०२० च्या जूनमधली गोष्ट. ऑफिस बंद होतं, मी सांगोला तालुक्यात गावी होतो. घरात रेंज नाही, म्हणून रोज सकाळी बाइकवरून फाट्यावर जायचो आणि बंद रसवंतीच्या कट्ट्यावर लॅपटॉप उघडायचो. ते पान टेस्ट केलं तेही तिथूनच. टेस्ट करताना माणूस पहिला पिनकोड आपलाच टाकतो. उत्तर आलं, क्षमस्व. म्हणजे कोड बरोबर चालत होता.

रात्री जेवताना वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "आपल्याकडं लाइट आली तवा कुणी इचारलं नव्हतं, किती बल्ब लावणार म्हणून."

ते डोक्यात राहिलं. विजेची तार ज्या हिशोबानं घरोघर गेली, त्या हिशोबानं इंटरनेट कुणी नेलंय का, हे मी शोधायला लागलो. सापडलं ते अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, चॅटनुगा या शहरात. तिथं हे घडवणारा माणूस टेलिकॉममधला नव्हता. हॅरॉल्ड डीप्रीस्ट हा वीजपुरवठ्यातला माणूस. १९७१ मध्ये तो शहराच्या मालकीच्या वीज मंडळात, ईपीबीत, नोकरीला लागला. १९९६ मध्ये त्याच मंडळाचा प्रमुख झाला आणि २०१६ मध्ये निवृत्त झाला. एकच नोकरी, पंचेचाळीस वर्षं.

चॅटनुगा कारखान्यांचं शहर. १९६९ मध्ये वॉल्टर क्रॉन्काइटनं टीव्हीच्या बातम्यांत सांगितलं, की देशातली सगळ्यात घाण हवा इथली. पुढं कारखाने बंद पडत गेले आणि मधली बाजारपेठ ओस पडली. सावरायला सुरुवात झाली ती नदीकाठापासून. १९९२ मध्ये तिथं मोठं मत्स्यालय उघडलं. १८९० चा वॉलनट स्ट्रीट पूल १९७८ पासून वाहनांना बंद होता. तो पाडला नाही, दुरुस्त केला आणि १९९३ मध्ये पायी चालणाऱ्यांसाठी खुला केला. फायबर यायच्या कितीतरी आधीच्या या गोष्टी आहेत. 'इंटरनेटनं शहर वाचवलं' ही कहाणी ऐकायला छान वाटते, पण खरी नाही. लोक नदीकाठी परत यायला लागले होते. त्यांनी तिथं राहावं, काम करावं, यासाठी काहीतरी हवं होतं.

डीप्रीस्टनं मांडणी केली ती विजेच्या बाजूनं. वादळात झाड पडतं, तार तुटते, अख्खी लाइन बंद होते. मग गाडी घेऊन बिघाड शोधत फिरायचं. त्याऐवजी लाइनवर जागोजागी आपोआप चालणारे स्विच बसवले आणि ते एकमेकांशी बोलायला लागले, तर बिघाडाचा तेवढाच तुकडा वेगळा पडतो आणि बाकीच्यांना दुसऱ्या बाजूनं वीज मिळते. असे सुमारे १,२०० स्विच त्यांनी बसवले. त्यांना बोलायला फायबर हवं. आणि विजेसाठी फायबर सगळीकडे फिरवायचंच, तर त्यावरून घराघरांत इंटरनेट का द्यायचं नाही?

मला आवडलं ते इथलं गणित. खासगी कंपनी आधी बघते, की या गल्लीत गिऱ्हाईक किती. वीज मंडळाचं क्षेत्र आधीच ठरलेलं असतं, शेवटच्या मीटरपर्यंत. जेवढी वीज, तेवढं फायबर. सुमारे ६०० चौरस मैल, त्यात शहराबाहेरची शेतावरची घरंसुद्धा आली.

हे सहज झालं नाही. २००८ मध्ये रोखे काढून सुमारे २२ कोटी डॉलर उभे केले, आणि त्याच वर्षी कॉमकास्ट या केबल कंपनीनं कोर्टात खेचलं. तो दावा टिकला नाही. मग मंदीतल्या सरकारी मदतीतून स्मार्ट ग्रिडसाठी सुमारे ११ कोटी डॉलर आले, म्हणून दहा वर्षांचं काम लवकर उरकलं. सप्टेंबर २०१० मध्ये त्यांनी सगळ्या क्षेत्रात १ गिगाबिटची सेवा जाहीर केली, महिना ३५० डॉलर. एवढ्या वेगाचा दर काय लावायचा हे आपल्याला अजून कळलेलं नाही, असं डीप्रीस्टनं तेव्हा सरळ सांगून टाकलं. पुढं दर बराच उतरला. मधल्या बाजारपेठेत स्टार्टअप आले, जुन्या इमारती भरल्या. टेनेसी विद्यापीठाच्या चॅटनुगा शाखेतले अर्थतज्ज्ञ बेंटो लोबो यांचा २०२० चा अंदाज असा, की दहा वर्षांत शहराला २.६९ अब्ज डॉलरचा फायदा झाला आणि सुमारे ९,५०० नोकऱ्या आल्या.

पण क्षमस्व तिथंही आहे. राज्याच्या कायद्यानं ईपीबीला आपल्या वीजक्षेत्राबाहेर इंटरनेट विकता येत नाही. शेजारच्या गावांतले लोक मागत होते, तार हद्दीपर्यंत आलेली होती. २०१५ मध्ये केंद्राच्या दूरसंचार आयोगानं ही आडकाठी काढली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये अपील कोर्टानं तो निर्णय रद्द केला. डीप्रीस्ट त्याच वर्षी निवृत्त झाला.

२०२० च्या जुलैमध्ये, मी फाट्यावर बसत होतो तेव्हाच, चॅटनुगानं गरीब घरांतल्या सुमारे २८,००० शाळकरी मुलांना फुकट इंटरनेट द्यायचं ठरवलं. तार दारापर्यंत आधीच गेलेली होती. फक्त सुरू करायची होती.

डीप्रीस्टइतकं मला काही जमणार नाही. माझ्या हातात एक पान होतं. आमच्याकडे 'नाही' उत्तर मिळालेले पिनकोड कुठंच साठत नव्हते. विचारणारा विचारायचा आणि निघून जायचा. मी एक साधं टेबल बनवलं: पिनकोड, तारीख, किती वेळा. मॅनेजर म्हणाला, "ठीक आहे, राहू दे."

तो रिपोर्ट अजून कुणी मागितलेला नाही. त्या कामावर होतो तोवर मी मधूनमधून उघडून बघायचो. शेवटचा बघितला तेव्हा आमच्या पिनकोडसमोर आकडा होता ४१. त्यातला एक माझा.