फिरण्यातून येणारा आवर

डीसी मोटर मला पहिल्यांदा भेटली ती खेळण्यातल्या गाडीत. सेलच्या तारा उलट्या जोडल्या की ती उलटी फिरायची. दांडा चिमटीत धरून थांबवला की मात्र तापायची. थांबलेलं यंत्र का तापावं, याचं उत्तर पुढे पॉलिटेक्निकात मिळालं.

समजा, मोटर २२० व्होल्टची आहे आणि आर्मेचरचा, म्हणजे आतल्या फिरत्या गुंडाळीचा, रोध अर्धा ओहम. उभी असताना थेट जोडली तर ती ४४० अँपिअर खेचेल. म्हणून स्टार्टर आधी जादा रोध घालतो आणि वेग वाढेल तसा तो काढत जातो. आर्मेचर फिरू लागलं की त्यातच उलटा दाब जन्मतो, बॅक ईएमएफ. तो २१० व्होल्टवर पोचला की प्रवाह उरतो फक्त २० अँपिअर. फिरणारी मोटर स्वतःच जनरेटर होऊन स्वतःला आवरते. भार वाढला की वेग उतरतो, उलटा दाब घटतो आणि लागेल तेवढाच प्रवाह आत येतो.

मुंबईच्या लोकलमध्ये हेच तत्त्व मला भव्य रूपात दिसलं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर–कुर्ला मार्गावर १५०० व्होल्ट डीसीवर गाडी धावली. गच्च भरलेली गाडी जागेवरून हलवायला लागणारा जोर सिरीज मोटर नेमका सुरुवातीलाच देते. तीच मोटर भाराविना सोडली, तर वेग इतका वाढतो की आर्मेचर फुटू शकतं.

नोकरीला शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत आलो. इथे २००१ पासून स्कोडाच्या गाड्या तयार होतात. गाडीचा वायपर आणि काच वरखाली करणारी यंत्रणा, दोन्हींत छोट्या डीसी मोटरी असतात. माझ्या टेबलावर मात्र दुरुस्तीच्या मोठ्या मोटरी येतात. आधी मेगरने इन्सुलेशन तपासायचं, शाफ्ट हाताने फिरवून बेअरिंग अजमावायचं, झिजलेले कार्बन ब्रश बदलायचे. कम्युटेटरवरचा गुळगुळीत तपकिरी थर निरोगी असतो, तो घासून काढायचा नाही. स्विनबर्न चाचणीत शंट मोटर बिनभार चालवून तिचे व्यय मोजता येतात आणि पूर्ण भारावरची कार्यक्षमता गणिताने काढता येते. पण ठिणग्या आणि तापमान यांचं खरं रूप भारावरच कळतं.

म्हणून नव्या मुलांना मी सूत्राआधी अँमीटर देतो. सुरू होताना उसळलेला काटा वेग येताच खाली उतरतो. तो उतार ज्याने स्वतः पाहिला, त्याला बॅक ईएमएफ पाठ करावा लागत नाही.